आधी झाड, मग पोपट

सावंतवाडीत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो हा रोजचा धंदा. काउंटरच्या मागच्या भिंतीवर लग्नाच्या अल्बमांमध्ये एकच वेगळी फ्रेम लावली आहे. पानं गळलेला एक मोठा बेहडा, मागे धुक्यात दोन डोंगर, आणि खोडाच्या वरच्या अंगाला एक ढोली. ढोलीच्या तोंडाशी पोपटाची जोडी बसलेली आहे, पण ती फोटोत अंगठ्याच्या नखाएवढी. पैसे द्यायला उभी असलेली माणसं हमखास विचारतात, "ह्यो फोटो झाडाचो की पोपटाचो?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. चौदा वर्षं मी या पोपटामागे फिरते आहे. पहिली पाच वर्षं मीही चोचीपासून शेपटीपर्यंत फ्रेम भरून टाकणारेच फोटो काढले. ते आज पाहिले तर पोपट सुरेख दिसतो, पण तो कुठल्या झाडावर बसला होता ते मला स्वतःलाही सांगता येत नाही. त्यातली तीन झाडं आता उभी नाहीत. ती माझ्या हार्ड डिस्कवर कुठेच सापडत नाहीत, कारण मी त्यांना फ्रेमबाहेर ठेवलं होतं.

हा पोपट कोण, ते आधी नीट ओळखू. गावाजवळ थव्याने ओरडत जातो तो हिरवा पोपट, म्हणजे ज्याच्या गळ्यात गुलाबी-काळी कंठी असते तो, वेगळा. आपल्याला हवा आहे निळ्या पंखांचा पोपट, इंग्रजीत मलबार पॅराकीट. हा सह्याद्री सोडून जगात कुठेच राहत नाही. आपल्याकडून खाली गोवा, कर्नाटक, केरळपर्यंत डोंगराच्या ओल्या जंगलात तो मिळतो. डोकं, छाती, पाठ पारव्या रंगाची असते. शास्त्रीय नावातल्या 'कोलंबॉइड्स' या शब्दाचा अर्थही कबुतरासारखा असाच आहे, म्हणजे ज्याने नाव ठेवलं त्याच्या डोळ्यांत हाच पारवा रंग भरला असणार. त्या पारव्यावर निळे पंख आणि टोकाला पिवळी झालेली लांब निळी शेपटी. नराची वरची चोच लाल, आणि गळ्यात काळ्या पट्टीला लागून मोरपिशी झाक असलेली दुसरी पट्टी. मादीची चोच काळी, आणि ती मोरपिशी पट्टी तिला नसते. कोवळी पिल्लं हिरवट दिसतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच जणांची ओळखण्यात चूक होते. सोबत टोया नावाचे पोपटही फिरतात, त्यांच्या नराचं डोकं पिकल्या करवंदासारखं जांभळट असतं. आवाज कानात बसला की दुर्बीण न लावताही फरक कळतो. टोयाचा आवाज गोड आणि चढता, या पोपटाचा मात्र कर्कश, तुटक.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती लपवून फोटो काढणं मला पटत नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत हा पोपट 'कमी चिंतेचा' या गटात आहे. जात अजून टिकून आहे. चाललं आहे ते त्याचं जंगल. म्हणून 'शेवटचे काही पोपट' असं काही फोटोखाली लिहू नका. जे खरं आहे तेच पुरेसं गंभीर आहे.

झाड शोधणं

पोपट शोधायला कॅमेरा घेऊन निघालात तर दिवसभर आकाशात हिरवे-निळे ठिपके दिसतील आणि मान दुखेल. झाड शोधा. त्यासाठी कॅमेरा घरी ठेवून एक-दोन रविवार नुसतं चालावं लागतं.

जानेवारीत सावर फुलते, फेब्रुवारीपासून शिमग्यापर्यंत पांगारा. दोन्ही झाडांची पानं तेव्हा गळलेली असतात, म्हणजे फुलं उघडी आणि पक्षीही उघडा. ऊन चढायच्या आत फुललेल्या पांगाऱ्याखाली जाऊन उभे राहा आणि वर पाहण्याआधी जमिनीवर पाहा. देठाशी चावलेली, चेमटलेली ताजी लाल फुलं पडलेली असतील तर पोपट येऊन गेला आहे आणि पुन्हा येणार आहे. मी हे एकदा जवळून, वीसेक फुटांवरच्या दरडीवर बसून पाहिलं. नराने फूल एका पायाने तोंडाशी धरलं, देठाकडचा फुगीर भाग चोचीत दाबला, जिभेने आत काहीतरी चाचपलं आणि फूल सोडून दिलं. मग दुसरं. सात-आठ मिनिटांत खाली फुलांचा सडा. हा क्षण फोटोत पकडायचा असेल तर पायाकडे लक्ष ठेवा. दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी त्याची पकड असते, त्यामुळे फूल हातात धरल्यासारखं दिसतं.

पांगारा संपला की उंबर, नांद्रुक अशी फळांची झाडं. यांचा हंगाम झाडागणिक वेगळा असतो, म्हणून एखादं झाड पिकलं की गावातल्या माणसांना विचारावं. गुराख्यांना, काजू वेचणाऱ्या बायकांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

तिसरं झाड सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे घरट्याचं. या पोपटाला स्वतः खोड कोरता येत नाही. सुतार आणि कुटुरगा हे पक्षी जी भोकं करून सोडून देतात तीच तो घेतो, फार तर थोडी रुंद करतो. म्हणजे त्याला जुनं, उंच, कुठेतरी वठायला लागलेलं झाड लागतं, आणि त्या झाडाला आधी सुतार लागतो. जानेवारी ते मार्च हा विणीचा काळ. जोडी एकाच खोडापाशी पुन्हा पुन्हा येत असेल, मादी भोकात डोकं घालून मागे होत असेल, नर तिला चोचीतून भरवत असेल तर समजा घर ठरलं. इथपर्यंत सगळं दुर्बिणीतून पाहा. जवळ जायची काहीच गरज नाही.

कुणाच्या जमिनीवर उभे आहात

आमच्या सिंधुदुर्गात जंगलाचा मोठा हिस्सा खाजगी मालकीचा आहे. हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. झाडी दाट दिसली म्हणजे ती सरकारची असं धरून लोक कुंपण ओलांडतात. सातबारा कुणाचा आहे ते गावात विचारून, मालकाला सांगून मगच आत जायचं. दोडामार्ग तालुक्यात तिलारीचा साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचा भाग २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, तिथे वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा. आंबोलीतही वनखात्याच्या हद्दीत शिरण्याआधी तेच.

देवरहाटीची, म्हणजे गावाने देवासाठी राखलेल्या जंगलाची, गोष्ट वेगळी. तिथली झाडं देवाची. सगळ्यात जुने बेहडे, सातवीण, उंच किंजळ मला देवरहाटीतच मिळाले, कारण बाकी ठिकाणी तेवढं वय व्हायच्या आत झाडाला कुऱ्हाड लागते. मानकऱ्यांना भेटा. पहिल्यांदा गेले तेव्हा मानकरी आजोबांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "तुझी लेक इली हा, फोटो काढूक, तिका सांभाळ." मग मला म्हणाले, "वायच लांबसून काढ. ढोलीकडे जाव नको, तिका पिल्लां आसत." चपला बाहेर काढल्या, ट्रायपॉडचे पाय पाषाणांपासून लांब ठेवले. पक्ष्यापासून किती अंतर ठेवावं यावर मी नंतर बरंच वाचलं. आजोबांचं एक वाक्य त्या सगळ्याला पुरून उरलं.

मी ते वाक्य एकदा मोडलं, तेही लिहिते. २०१५ च्या फेब्रुवारीत एका आतल्या वाडीत ढोली सापडली. ढोलीचं तोंड उतरत्या बाजूला होतं आणि समोरच्या दरडीवर चढलं की डोळ्यांच्या पातळीत येत होतं. मी पहाटे जाऊन बारा-तेरा मीटरवर बसले. हिरवी साडी नेसून, पानं टाकून, अगदी गप्प. नर आला, समोरच्या फांदीवर बसला, ओरडला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मला वाटलं सवय होईल. साडेसात ते अकरा तो अकरा वेळा आला आणि एकदाही ढोलीत गेला नाही. आत मादी अंड्यांवर होती की लहान पिल्लांवर ते मला कळलं नाही, पण तिचं त्या सकाळचं खाणं माझ्यामुळे चुकलं एवढं नक्की. फोटो मात्र फार सुंदर आले. मी ते कुणालाच दाखवले नाहीत.

तेव्हापासूनचा नियम सोपा आहे. पक्षी चोचीत किंवा गळ्यात अन्न घेऊन येऊन दोनदा ढोलीत न शिरता परतला की उठायचं आणि मागे जायचं. मीटर मोजत बसू नका. कुठल्या जोडीला चाळीस मीटर चालतात, कुठल्या जोडीला साठही नाहीत. अंतर पोपट ठरवतो. ढोलीजवळ फ्लॅश नाही. समोरच्या फांद्या छाटणं नाही, त्यांची सावली पिल्लांना लागते आणि आडोसा शिकाऱ्यापासून वाचवतो. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं तर कधीच नाही. विणीच्या दिवसांत दुसऱ्या नराचा आवाज आला की हा घर सोडून भांडायला बाहेर पडतो.

कॅमेरा

माझ्याकडे क्रॉप सेन्सरची बॉडी आहे आणि २००-५०० मिमीची सेकंड हँड लेन्स. एवढ्यावर होतं. १००-४०० असेल तरी होतं, कारण आपण झाडासकट फोटो काढणार आहोत. सोबत एक साधी १८-५५ किंवा ३५ मिमीची लेन्स न विसरता घ्या. निम्मं काम तिचंच आहे.

पक्षी बसलेला असेल तर शटर १/५०० सेकंदावर ठेवून काम भागतं, पण फूल खाताना डोकं सारखं हलतं, तेव्हा १/१०००. उडताना १/२००० च्या खाली येऊ नका, याचे पंख झपाझप चालतात. जंगलात सकाळी उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता, १६०० ते ३२०० पर्यंत वाढवायला घाबरू नका. दाणेदार फोटो साफ करता येतो, हललेला फोटो येत नाही. फोकस एकाच बिंदूवर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढच्या काटकीला पकडून बसतो.

उजेडाचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण या पोपटाचे बहुतेक फोटो इथेच बिघडतात. पानं नसलेल्या झाडावर तो बसतो आणि मागे पांढरं आकाश असतं. कॅमेरा आकाश पाहून उजेड कमी करतो आणि पोपट कावळ्यासारखा काळा येतो. तेव्हा एक्स्पोजर एक ते सव्वा स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). उलट, मागे सावलीतला डोंगर आणि पोपटावर कोवळं ऊन असेल तर अर्धा स्टॉप कमी करा. शक्य असेल तेव्हा मी या दुसऱ्या परिस्थितीची वाट पाहते. दरीच्या एका अंगाला उभं राहायचं, सूर्य आपल्या पाठीशी, समोरच्या अंगाला अजून ऊन पोचलेलं नाही आणि मधलं झाड उजळलेलं. आंबोलीच्या बाजूला असे वीस मिनिटांचे तुकडे सकाळी मिळतात.

आता निळ्या रंगाबद्दल. पोपटाच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आतली बारीक रचना उजेड अशा तऱ्हेने विखुरते की आपल्याला निळा दिसतो, आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य आलं की हिरवा. म्हणून उजेड समोरून पडला नाही तर पंख राखाडी-काळे दिसतात आणि नंतर संगणकावर कितीही रंग वाढवला तरी तो खोटा वाटतो. पातळ ढगातून आलेला उजेड सगळ्यात चांगला. पांगाऱ्याच्या लाल फुलांची अडचण उलटी. स्क्रीनवर फोटो बरोबर दिसतो, पण कॅमेऱ्यातला लाल रंगाचा आलेख (हिस्टोग्राम) उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि फूल सपाट डाग होऊन जातं. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहायची सवय लावा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काढा. झाडोऱ्यात हिरवी झाक पडते, तेव्हा पोपटाच्या छातीचा पारवा रंग पाहून व्हाइट बॅलन्स लावा. लग्नात नवरीचा शालू हिरवट आला तर तिची आई फोटो परत पाठवते. पोपट तसं काही करत नाही, म्हणून त्याच्या रंगाची जबाबदारी आपल्यावर जास्त आहे.

पंख मिटून बसल्यावर निळा फारसा दिसत नाही. तो फुलतो दोनदा. एकदा उडण्याआधी अंग ताणतो तेव्हा. एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकत्र मागे ताणतो, मग दुसऱ्या बाजूचा. आळस दिल्यासारखं दिसतं. शिटला आणि अंग ताणलं की पुढच्या काही सेकंदांत तो उडणार, बोट बटणावर ठेवा. आणि दुसऱ्यांदा, तो आपल्या खालून उडत जातो तेव्हा. जमिनीवरून वर पाहिलं तर पोट आणि आकाशच मिळतं. घाटात, कड्यावर, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या काठावर उभे राहा आणि झाडांच्या शेंड्यांवरून थवा खाली दरीत उतरताना वरून काढा. हिरव्या जंगलावर उघडलेले निळे पंख आणि लांब पिवळ्या टोकाची शेपटी. दोनशे फोटोंत एक लागतो, पण त्या एका फोटोत पक्षी आणि त्याचं गाव दोन्ही असतात.

कोकणातल्या माणसांना सांगायची गरज नाही, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी: इथे लेन्सला बुरशी लागते. पावसाळ्यात मी सगळं सामान पत्र्याच्या कपाटात ठेवते, आत पंधरा वॅटचा पिवळा दिवा चोवीस तास चालू. एसी लावलेल्या गार गाडीतून उतरल्याबरोबर बॅग उघडू नका. दहा मिनिटं बाहेरच्या हवेला राहू द्या, नाहीतर काच धुरकट होते आणि नेमका पहिला थवा निघून जातो.

जागेचा फोटो

इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

पोपटाचा फोटो काढून झाला की लेन्स बदला. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका फ्रेममध्ये घ्या, उभ्याने. मग झाडाच्या आजूबाजूचा उतार. मग शक्य असेल तर समोरच्या डोंगरावरून तो सगळा पट्टा. या तिसऱ्या फोटोसाठी एक कायमची जागा ठरवा आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच लेन्सने, त्याच उंचीवरून तोच फोटो काढा. माझी जागा एका रस्त्याच्या वळणावर आहे. तिथे कठड्याचा एक दगड बाहेर आलेला आहे, त्यावर कोपर टेकते. ३५ मिमी, एफ/८, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळी नऊ. पहिला फोटो २०१६ चा. मागच्या वर्षीचा फोटो प्रिंट करून सोबत नेते आणि डावीकडचा सुळका, उजवीकडचा विजेचा खांब जुळवून उभी राहते.

असे नऊ फोटो झाले तेव्हा मी ते टेबलावर ओळीने मांडले. पहिल्या दोघांत उताराला खंड नाही. तिसऱ्यात खालच्या अंगाला एक पिवळट चौकोन, तोड झालेली. चौथ्यात तो चौकोन काळा, कारण पालापाचोळा पेटवला. पाचव्यात पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा. सातव्यात त्या रेघांवर रबराची झाडं. फेब्रुवारीत रबराची पानगळ असते, त्यामुळे उरलेल्या सदाहरित उतारावर तो भाग तपकिरी ठिगळासारखा वेगळा उठून दिसतो. म्हणून हा फोटो पावसाळ्यात काढू नका. पावसात रबरही हिरवं आणि जंगलही हिरवं, लांबून दोन्ही सारखीच दिसतात, आणि बघणारा म्हणतो, हिरवळ तर आहे.

आहे, पण रबराच्या ओळीत उंबर नाही, पांगारा नाही, वठलेलं खोड ठेवत नाहीत. सुताराला कोरायला काही नाही, म्हणजे पोपटाला राहायला काही नाही. हे एका फोटोत दाखवायचं असेल तर रबराच्या ओळींच्या मधोमध उभे राहून वर कॅमेरा धरा, मग पन्नास पावलांवरच्या जंगलात जाऊन तसाच वर धरा. दोन फोटो शेजारी ठेवा. त्याखाली काही लिहावं लागत नाही.

हे फोटो काढताना माणसांशी मात्र नीट वागा. माझ्या माहेरी काजूची बाग आहे. माझं शिक्षण त्या काजूवर झालं आणि ती बागही कधीतरी जंगल तोडूनच झाली. मुंबईला गेलेल्या भावांनी जमीन विकली, इथे राहिलेल्या म्हातारीला औषधाचे पैसे हवे होते, एवढ्या साध्या कारणांनी डोंगर विकला जातो. तोडलेल्या जागेवर उभ्या असलेल्या मजुराचा चेहरा गुन्हेगारासारखा दाखवू नका. चेहरे शक्यतो घेऊच नका. बुंधे घ्या. ताज्या बुंध्यावर हात ठेवून फोटो काढला की झाडाचा घेर कळतो.

तारीख महत्त्वाची. सावंतवाडी-दोडामार्ग या वाघांच्या वाटेच्या पट्ट्यात झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली. तरीही तोड होत राहिली आणि प्रकरण पुन्हा पुन्हा न्यायालयात आलं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने या पट्ट्यातली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायला सांगितलं. अशा वेळी 'इथे आधी जंगल होतं' हे तोंडी सांगून भागत नाही. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ बरोबर लावलेली असू द्या. मूळ रॉ फाइल दोन ठिकाणी ठेवा. त्या फोटोत काहीही खोडू नका, विजेची तारसुद्धा नाही.

फोटो कुठे जातो

ढोलीचा फोटो समाजमाध्यमांवर टाकताना गावाचं नाव टाकू नका. मोबाइलच्या फोटोत जागा आपोआप नोंदली जाते, ती आधी काढून टाका. मी एकदा वाडीचं नाव लिहिलं होतं. पुढच्या रविवारी तिथे सहा गाड्या उभ्या होत्या आणि ढोलीसमोरची फांदी कुणीतरी तोडलेली होती. पकडणारे तर असतातच. देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी पिल्लं काढण्यासाठी झाडावर चढणारी मुलं मी पाहिली आहेत. या लेखातही मी एकाही वाडीचं नाव लिहिलेलं नाही, ते याच कारणासाठी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करा, किती दिसले, कुठल्या झाडावर, काय खात होते. पण घरट्याची नेमकी जागा तिथेही नको.

आणि एक प्रिंट झाडाच्या मालकाला द्या. पोपटाचा मोठा फोटो नव्हे, झाडाचा. भिंतीवरच्या त्या बेहड्याचा फोटो मी त्याच्या मालकांना, एका काकींना, लॅमिनेट करून नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. ढोली दाखवली तर म्हणाल्या, "ती माका ठावक आसा." मग बोट खाली नेलं, बुंध्याशी. तिथे एक दगड आहे, त्यावर त्यांचे यजमान गुरं सोडून बसायचे. तो दगड फोटोत आला आहे हे मला माहीतच नव्हतं. आता प्रिंट त्यांच्या पडवीत कॅलेंडरच्या शेजारी आहे.

लाकडाचा ठेकेदार त्या घरी दोनदा येऊन गेला आहे. शेजारचा उतार गेल्या वर्षी गेला. बेहडा यंदाच्या फेब्रुवारीत उभा होता, मादी ढोलीत होती, दगडावर शेवाळ होतं. मी पंचावन्न मीटरवरून चार फोटो काढले आणि कठड्याच्या दगडावर कोपर टेकायला नऊच्या आत वळणावर पोचले.